गव्हानंतरची बाजरी

पोट दुखणाऱ्या माणसाला गावात औषधांची वानवा नसते. न्हावऱ्याच्या स्नेहलला नऊ वर्षांत इतके वैद्य भेटले, की त्यांची एक पंगत उठली असती. कुणी म्हणालं बेंबी सरकलीय, तेल लावून चोळा. कुणी ओवा दिला, कुणी सब्जा, कुणी ताईत. एका बाईनं तर एसटीत शेजारी बसल्या बसल्या हिची नाडी धरली, "तुला कुणाची तरी नजर लागलीय" असं सांगितलं आणि शिरूरच्या स्टँडवर उतरून निघून गेली. ना ओळख ना पाळख!

या सगळ्या औषधांत स्नेहलला एकच मनापासून आवडायचं. सासू साखरबाई रोज सांजच्याला वाटीभर ताक करायची. त्यात जिरं, मीठ आणि हिंग. हिंग चिमूटभर नाही, चांगला पाव चमचा. सुनेच्या पोटासाठी हात आखडता घेईल ती साखरबाई कसली! "गटागटा पी, पोट हलकं हुतंय," असं म्हणत वाटी रिकामी होईपर्यंत समोर उभी राहायची. स्नेहल तिला आत्या म्हणायची आणि ताक मुकाट्यानं प्यायची.

दुखणं मात्र जागचं हललं नाही. जेवल्यावर तासाभरात पोट टम्म फुगायचं, बेंबीभोवती कळ उठायची आणि मग धावाधाव. रांजणगावच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या दिव्यांच्या काचा तपासायला होती. लाइनवरून उठायचं तर हात वर करून बदली माणूस मागावा लागतो. दिवसातून चार-पाचदा हिचा हात वर, आणि मागं कुणीतरी फिदीफिदी हसणार. वजन एकोणचाळीस किलोवर आलं तरी बाईनं नोकरी सोडली नाही. हट्टी म्हणजे हट्टीच.

शेवटी यंदा एप्रिलमध्ये पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नळी घालून आतडं तपासलं, रक्त तपासलं, आणि शिरूरच्या डॉक्टरांनी कागद वाचून दुखण्याचं नाव सांगितलं. सिलिॲक. गव्हातला चिकटपणा हिच्या आतड्याला सोसत नाही. चपाती, पाव, बिस्कीट, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद. एक कणसुद्धा नको, आणि तेही जन्मभर. रक्तात कसलासा आकडा दोनशे दहा निघाला होता, तो वीसच्या आत यायला हवा होता.

तिच्या नवऱ्याचा, गोकुळचा, चेहरा उतरला. दौंड तालुक्यातल्या कासुर्डीला, तिच्या माहेरी, आईनं फोनवर रडून घेतलं. "पुरणपोळीबी न्हाई व्हय गं?" आणि स्नेहल? तिला इतका आनंद झाला होता की दवाखान्याच्या पायऱ्या तिनं पळत उतरल्या. नऊ वर्षं लोक ज्याला नाटक म्हणत होते, त्याला आता कागदावर छापलेलं नाव होतं.

घरी येऊन तिनं स्वतःचा तवा वेगळा केला, परात वेगळी केली. घरच्यांच्या चपात्या सासू करायची, स्नेहल फक्त बाजरीची भाकरी खायची. कंपनीतल्या कँटीनचं ताट बंद केलं. भावाच्या मुलाच्या बारशाला कासुर्डीला गेली तर डबा घेऊन गेली आणि भावजयीचा रुसवा ओढवून घेतला. असे साडेपाच महिने काढले. सप्टेंबरच्या शेवटी परत रक्त तपासलं. आकडा एकशे शहाण्णव.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "स्नेहलताई, खरं सांगा. अधूनमधून चपाती खाता ना? बरेच पेशंट खातात लपून."

"न्हाई सर. कणभर न्हाई."

डॉक्टरांनी गोकुळकडं बघितलं. गोकुळनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

झालं ते एवढंच. पण पोटातल्या कुठल्याही कळेनं केलं नव्हतं ते त्या बघण्यानं केलं. डॉक्टर पुढं सांगत होते, तीन महिने देतो, जानेवारीत परत तपासू, तेव्हाही असंच निघालं तर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू कराव्या लागतील, त्यांचे त्रास वेगळे. ती मान हलवत होती, पण कानात काही शिरत नव्हतं.

परत येताना मोटरसायकलवर मागं बसून तिनं विचारलं, "तुमी बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं?" गोकुळ पुढं बघत म्हणाला. "मी काय दिवसभर तुझ्यासंगं असतो व्हय? कंपनीत कुणाचा वाढदिवस झाला, केकचा एक घास पोटात गेला, आसं कवातरी हुतंच की माणसाचं."

म्हणजे यालाही तेच वाटत होतं! अकरा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस! स्नेहलला इतका संताप आला, की न्हावरा येईपर्यंत तिनं त्याच्या खांद्याला हात लावला नाही. तिथंच तिनं ठरवलं. गोळ्या चालू व्हायच्या आत, या तीन महिन्यांत, गहू माझ्या पोटात जातो कुठून ते शोधायचं आणि या माणसासमोर ठेवायचं.

शोधायचं कसं ते तिला कंपनीनं शिकवलं होतं. काचेवर ओरखडा निघाला तर तिथं कुणावर ओरडायचं नसतं. आधी तो सगळा लॉट अडवायचा आणि पाच वेळा 'का' विचारायचं. ओरखडा का आला? ट्रे घासला. ट्रे का घासला? स्पंज झिजलाय. स्पंज का झिजला? असं मागं मागं जायचं, कारण हातात येईपर्यंत. स्नेहलनं शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर तारीख आणि खाली एकच ओळ: 'का दुखतं?' मग रोज काय खाल्लं, किती वाजता, कळ कधी आली.

आठवड्यात नवरात्र बसलं. स्नेहलचे नऊ दिवसांचे उपवास असत. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटा, ताक. पहिले तीन दिवस नेहमीसारखेच गेले. पाचव्या दिवशी लाइनवर बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपला हात एकदाही वर गेला नाही. सहाव्या दिवशी नाही, सातव्याही नाही. शेजारची पोरगी म्हणाली, "काय गं, आज कुठं जायचं न्हाई व्हय?"

"देवी पावली गं बाई!" साखरबाईनं दोन्ही हात जोडले.

दसऱ्याला उपवास सुटला. दुपार कलल्यावर भाकरी-भाजी खाल्ली आणि दिवे लागायच्या वेळेला स्नेहल पोट धरून आडवी झाली. साखरबाई ताकाची वाटी घेऊन धावली. "आता मातूर काहीतरी चुकलं आपलं. देवीचं काय राहिलं का बघ."

स्नेहलनं पडल्या पडल्या वही ओढली. देवीवर तिची भक्ती होती, पण देवी नऊ दिवस पावून दहाव्या दिवशी मारील कशाला? त्या नऊ दिवसांत पोटात काय गेलं नव्हतं? भाकरी.

पण भाकरीत गहू कुठला! बाजरी घरच्या वावरातली. तरी तिनं सुट्टीच्या दिवशी चार किलो बाजरी ताटात घेऊन दाणा न् दाणा निवडला. कंपनीत केसाएवढा ओरखडा पकडणारे डोळे ते. गव्हाचा एक दाणा सापडला नाही. मग बाजरी घरातून निघते आणि पीठ होऊन येते, मधे कुठं जाते? गिरणीत. तिनं वही घेतली, डबा घेतला, आणि सरळ गनीचाचाची गिरणी गाठली.

गनीचाचाची गिरणी गावात तीस वर्षांची. त्याच्या बापानं घातलेली. सकाळपासून डब्यांची रांग लागलेली, आणि बाया पायरीवर गप्पा हाणत बसलेल्या. स्नेहल पायरीवर बसली आणि नुसती बघत राहिली. अकरापर्यंत गहूच गहू. बाजरीचे डबे सगळ्यात शेवटी. एक डबा संपला की चाचा पिठाच्या कापडी तोंडावर दोन थापा मारणार आणि पुढचं धान्य वर ओतणार.

"काय कंपनीच्या मॅडम, गिरणी तपासायला आलाय का?" एक बाई म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

"व्हय, तपासायलाच आलीय," स्नेहल म्हणाली. "चाचा, बाजरी शेवटाला का दळता?"

"आता घ्या!" गनीचाचानं भुवयांवरचं पीठ झटकलं. "आधी बाजरी दळली आन् मग गहू टाकला, तर गव्हाच्या पिठात बाजरी उतरती. चपाती काळी पडती. ह्याच बाया लाटणं घिऊन माझ्या दारात येत्यात."

"आन् बाजरीत गहू उतरला तर?"

"त्येनं काय हुतंय? भाकरी उलट मऊ हुती. बाजरीवाला कवा वरडत न्हाई."

बाजरीवाला कधी ओरडत नाही. स्नेहलनं ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं.

तिचा नंबर आला. गव्हाच्या डब्यानंतर लगेच आपली बाजरी टाकायला तिनं सांगितलं. डब्याचं झाकण हातात घेतलं आणि पहिलं मूठभर पडलेलं पीठ त्यावर एका बाजूला धरलं. शेवटची मूठ दुसऱ्या बाजूला. मग दारातल्या उजेडात झाकण नेऊन सगळ्यांसमोर ठेवलं. शेवटच्या मुठीचं पीठ राखाडी होतं, बाजरीचं असतं तसं. पहिल्या मुठीचं पांढुरकं.

गनीचाचा वाकून बघत राहिला. "मूठभरच हाय की," तो हळू आवाजात म्हणाला.

"मला चिमूटबी चालत न्हाई, चाचा. दिसाला दोन भाकरी खाते मी. नऊ वर्सं."

"म्हंजी माझ्या पिठात खोट हाय म्हनतीस तू? तीस वर्सांत माझ्या गिरणीवर कुणी बोट ठिवलं न्हाई!" चाचाचा आवाज चढला. तेवढ्यात ही बातमी घेऊन कुणीतरी साखरबाईकडं पळालंच होतं. ती पदर सावरत आली आणि सुनेचा दंड धरला. "चल घरी. ज्यांचं पीठ खाल्लं त्यांच्या दारात तमाशा करतीस? उद्यापास्नं मी गनीभावजींच्या तोंडाकडं कशी बघू?"

"आत्या, सोडा मला," स्नेहल म्हणाली. सासूसमोर तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा चढला होता. "चाचा, खोट तुमची न्हाई. पण मी चोरून चपाती खाते आसं डॉक्टर म्हनतोय, माझा नवरा म्हनतोय. माझ्यावर आळ हाय. तो घिऊन मी घरी जाणार न्हाई."

मग आतल्या दाराच्या पडद्यामागून खातूनचाची बाहेर आली. गनीचाचाची बायको, ती सहसा गिरणीत यायची नाही. तिनं कोपऱ्यातल्या पोत्यांच्या ढिगाकडं बोट केलं. "त्ये काय लोणचं घालायला ठिवलंय व्हय?"

पोत्यांखाली जुनी छोटी चक्की होती. गनीचाचाच्या बापाच्या काळात बाजरीची चक्की वेगळी असे. मग घरोघर चपाती आली, बाजरी कमी झाली, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी ती चक्की पोत्याखाली गेली.

"दगडाला छिन्नीनं टाकी लावावी लागंल, पट्टा नवा लागंल. एका डब्यासाठी?" चाचा कुरकुरला.

"साफ मी करते," स्नेहल म्हणाली. "तुमी फकस्त टाकी लावा."

आणि तिनं केली. चार दिवस कंपनीच्या बसमधून उतरली की घरी न जाता गिरणीत. पदर खोचून, तोंडाला फडकं बांधून, ब्रशनं आणि वायरनं त्या चक्कीच्या पोटातलं जुनं पीठ, जाळी, झुरळं, सगळं खरवडून काढलं. अधूनमधून कळ यायची, तेव्हा पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि ओसरली की परत उठायची. तिसऱ्या दिवशी गनीचाचा छिन्नी-हातोडी घेऊन दगडापाशी बसला. "तुझा सासरा आसाच हट्टी हुता," एवढंच म्हणाला. चौथ्या दिवशी चक्कीवर त्यानं खडूनं लिहिलं: 'इथं गहू टाकू नये.' दोनदा रेघा मारल्या खाली.

नव्या पिठाची भाकरी सुरू झाली. दिवाळी गेली. वहीत रोज 'दुखलं' लिहावं लागायचं, ते आता आठवड्यातून तीनदा लिहावं लागू लागलं. वजन दीड किलोनं वाढलं. साखरबाई आता पायरीवरच्या बायांना स्वतःच सांगू लागली, की त्या चक्कीवर गहू टाकशील तर बघ. पण तीनचं दोन होईना आणि दोनचं एक होईना. डिसेंबर लागला. गोकुळ म्हणाला, "बरंच कमी झालंय की. ऱ्हाऊ दे आता." कंपनीत बरंच कमी ओरखडे असलेला लॉट कुणी सोडत नाही. स्नेहलनं वही मिटली नाही.

एका सांजेला ती चुलीपाशी पोटावर हात दाबून वही चाळत होती. साखरबाई ताकाची वाटी घेऊन समोर येऊन उभी राहिली, रोजच्यासारखी.

"त्या उपासाच्या नऊ दिसात भाकरी नव्हती," सासू म्हणाली. "ती तर आता चोख झाली. मग आजून काय नव्हतं तवा? तुझं ते पाच वेळा इचारायचं म्हनतीस ना, ते इचार की."

"सगळं बघितलं आत्या. डाळ नव्हती, कांदा नव्हता, लसूण नव्हता. ताक तर तवाबी घेतच हुते."

"व्हय, पर तवा ताकात नुसतं जिरं हुतं. उपासाला हिंग..." साखरबाई थांबली. हातातली वाटी तिनं चुलीच्या कडेला ठेवली. आत गेली आणि हिंगाची पिवळी डबी घेऊन आली. तिला अक्षर येत नव्हतं. "हे वाच. बारीक लिवलंय बघ मागं."

स्नेहलनं डबी दिव्याखाली धरली. मुंगीएवढी अक्षरं होती. डिंक. गव्हाचं पीठ. आणि सगळ्यात शेवटी, हिंग.

घरातला डबा न् डबा तिनं तपासला होता, मसाल्याची पाकिटं वाचली होती. ही डबी वाचायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हे औषध होतं ना! दुखलं की आत्या जास्त घालायची, आणि जास्त घातलं की परत दुखायचं.

"काय लिवलंय?"

काही नाही म्हणावं, असं स्नेहलला फार वाटलं. उद्यापासून ताकात हिंग नको एवढंच सांगावं, चव आवडत नाही म्हणावं. समोर साखरबाई तोंड इवलंसं करून उभी होती. पण या म्हातारीनं आज स्वतः होऊन विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला खोटं सांगायचं तर मग ही वही कशासाठी?

"गव्हाचं पीठ हाय यात, आत्या."

साखरबाईनं चुलीच्या कडेच्या वाटीकडं बघितलं. "म्हंजी मीच," ती म्हणाली. "पाव पाव चमचा. समोर हुभं ऱ्हाऊन." आणि कपाळावर हात मारून ती रडायलाच लागली, आईच्या मयताला रडली नसेल अशी. स्नेहलनं तिला जवळ घेतलं. स्वतःच्या पोटात कळ येत होती तरी घेतलं. "तुमी इचारलं म्हणून सापडलं," ती म्हणत राहिली. "आत्या, मला सापडलं नसतं. तुमी इचारलं." गोकुळ बाहेरून आला, तो दारातच थबकला. दोघींकडं बघितलं, डबी उचलली, वाचली. मग उघडी वही उचलली आणि पहिल्या पानापासून उभ्या उभ्याच वाचत राहिला.

जानेवारीच्या अखेरीला शिरूरला गेले. रिपोर्ट टेबलावर होता. आकडा चौऱ्याऐंशी. वजन त्रेचाळीस किलो.

"वा!" डॉक्टर खूश झाले. "अजून वेळ लागेल, पण उतरतोय. गोळ्यांची गरज नाही. म्हणजे शेवटी सुटली म्हणायची चपाती!"

स्नेहलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, वहीकडं हात नेला. त्याआधी शेजारची खुर्ची मागं सरकली. गोकुळ उभा राहिला होता.

"सर, ती आधीबी खात नव्हती," तो म्हणाला. "मागच्या टायमाला तुमी माझ्याकडं बघितलं, तवाच मी बोलायला पायजे हुतं. बोललो न्हाई. चुकलं माझं. गिरणीतनं जात हुता गहू, आन् हिंगातनं. आमीच घालत हुतो तिला. तिनं एक कणबी खाल्ला न्हाई."

कॅलेंडर तिथंच भिंतीवर होतं. गोकुळ डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "बसा. मला ते गिरणीचं नीट सांगा. माझे आणखी पेशंट आहेत." नऊ वर्षं पोट दुखलं तेव्हा स्नेहल कुठल्याही डॉक्टरपुढं रडली नव्हती. आज मात्र तिनं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं.